लोंबोकमधल्या वाडीत घर आणि गुंतवणूक : कागद, पाणी, बांधकाम, जनावरं

पाणंद (धागाकर्ता)

बालीच्या पूर्वेची सामुद्रधुनी ओलांडली की लोंबोक. बालीतले भाव हाताबाहेर गेल्यापासून 'लोंबोकच्या एखाद्या गावात तुकडा घेऊन ठेवू का' असं विचारणारे वाढलेत. त्यात पुण्या-मुंबईचे आहेत, तसे सिंगापूर-जकार्तात नोकरी करणारेही. मंडालिकाच्या (मोटारसायकल शर्यतीच्या) सर्किटभोवतालचे प्लॉट या धाग्यात नकोत, त्यांचं गणित वेगळं आहे. इथे बोलायचं ते दुसुनबद्दल. दुसुन म्हणजे आपली वाडी. काही दुसुन मिळून एक देसा, म्हणजे गाव. त्यावर तालुक्यासारखं कचामातान आणि जिल्ह्यासारखं काबुपातेन. दुसुनच्या प्रमुखाला कादुस म्हणतात. बऱ्याच गोष्टी आधी त्याच्या बेरुगाकवर बसून ठरतात आणि मग कागदावर येतात. (बेरुगाक : चार किंवा सहा खांबांचा, वर छप्पर असलेला, भिंती नसलेला उंच ओटा. सासाक, म्हणजे लोंबोकच्या मूळ रहिवाशांच्या, घरापुढे तो असतोच.)

मूळ गोष्ट आधी सांगतो. परदेशी माणसाला इथे जमीन मिळत नाही, वर्षं मिळतात. घर, बाग, गोठा, सगळ्याचा हिशेब हातात असलेल्या वर्षांनी भागून करायचा.

1960 च्या मूळ जमीन कायद्यानुसार (क्रमांक 5) हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळते. कलम 26(2) तर सरळ सांगतं की परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा व्यवहार, थेट असो वा आडमार्गाने, मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेताना काय अडचण येते ते आपल्याला माहीत आहे. इथे त्याहून कडक आहे.

मग उरतात तीन वाटा.

पहिली भाडेपट्टा. त्याला तिथे 'सेवा' म्हणतात, आपल्या सेवेशी त्याचा संबंध नाही. जमीनमालकाशी नोटरीपुढे करार करायचा. साधारणपणे 25 ते 30 वर्षांचे करार होतात.

दुसरी हाक पाकाई, म्हणजे नोंदणीकृत वापरहक्क. मालकाच्या हाक मिलिक जमिनीवर तो जास्तीत जास्त 30 वर्षांचा मिळतो आणि पुढे नव्या दस्ताने नवा करता येतो. भूमापन कार्यालयात त्याची नोंद होते, ही त्याची खरी ताकद. मात्र परदेशी माणसाने घर घ्यायचं तर किमान किमतीची अट आहे. लोंबोक ज्यात येतं त्या नुसा तंगारा बारात प्रांतात जमिनीवरच्या घरासाठी ती 3 अब्ज रुपिया आहे, आणि क्षेत्र सर्वसाधारणपणे 2,000 चौ.मी.पर्यंत.

तिसरी परदेशी भांडवलाची कंपनी, पीटी पीएमए. तिला बांधकामाचा हक्क (हाक गुना बांगुनान) 30 अधिक 20 अधिक 30 वर्षं असा मिळू शकतो. पण सर्वसाधारण नियमाने जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियांपेक्षा जास्त गुंतवणूक दाखवावी लागते, म्हणजे सुमारे पाच कोटी रुपये. दोन खोल्यांच्या घरगुती निवासासाठी हा मार्ग परवडत नाही. त्यात पोंडोक विसाता, म्हणजे गावातल्या छोट्या होमस्टेचा परवाना, स्थानिकांसाठीच ठेवलेला आहे.

मापाचं एक सोपं : लोंबोक-बालीत जमीन 'आरे'त मोजतात. तो आपल्या सातबाऱ्यावरचाच आर, 100 चौ.मी. गुंठ्यापेक्षा किंचित लहान. भाव 'दर आर, दर वर्ष' असा सांगतात.

खाडीपलीकडे

तिथल्या विश्वासातल्या माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, त्याच्याकडून कर्जरोखा, न रद्द होणारं मुखत्यारपत्र आणि लांब मुदतीचा भाडेकरार एकत्र घ्यायचा, असं पॅकेज दलाल सुचवतात. चार कागद एकत्र असले तर टिकतं का?

पाणंद

टिकत नाही, आणि ते चार कागद एकत्र असणं हाच पुरावा ठरतो. कर्ज खरं नाही, भाडं खरं नाही, सगळ्याचा मिळून हेतू एकच, हे न्यायालयाला त्या गठ्ठ्यातूनच दिसतं. जमीन हस्तांतरणासाठीचं न रद्द होणारं मुखत्यारपत्र तर 1982 पासूनच बंद आहे. कंपनीत शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवायचे म्हणाल तर 2007 च्या गुंतवणूक कायद्याचं कलम 33 आडवं येतं.

त्यापलीकडे व्यवहारातलं सांगतो. नाव दिलेला माणूस प्रामाणिक असतो हो. पण तो मरतो, आणि त्याच्या वारसांना तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. प्रमाणपत्रावर त्यांच्या बापाचं नाव असतं, बँकेत तारण ठेवायला तेवढं पुरतं. ही वाट धरू नये, एवढंच माझं मत.

सातबारा_वाचक

कागद ओळखण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोंबोकमध्ये सगळ्यात जास्त पैसे याच पायरीवर बुडतात.

मालकीचा खरा पुरावा एकच : भूमापन कार्यालयाचं (बीपीएन) सर्तिफिकात. बाकी जे दाखवतात ते हे :

पिपिल : जुनी सारा-पावती. बालीत आणि लोंबोकमध्ये घरोघरी जपून ठेवलेली असते. सारा कोण भरत होतं एवढंच ती सांगते.

स्पोराडिक : 'ही जमीन माझ्या ताब्यात आहे' असं ताबेदाराने स्वतः लिहून दिलेलं निवेदन, साक्षीदार आणि गावप्रमुखाच्या सहीसह. लोंबोकमध्ये यावर सर्रास व्यवहार होतात. एकाच तुकड्याची दोन स्पोराडिक निघू शकतात, कारण गावप्रमुख बदलला की जुनी नोंद सापडतेच असं नाही.

एसपीपीटी : आजच्या जमीन-इमारत कराचं बिल. आपल्याकडे घरपट्टीची पावती दाखवून मालकी सांगतात तसंच हे.

2021 च्या शासकीय नियमावलीने (क्रमांक 18) जुन्या प्रथागत कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षं दिली होती. ती मुदत 2 फेब्रुवारी 2026 ला संपली. आता असे कागद हक्काचा पुरावा म्हणून चालत नाहीत, नोंदणी करताना नुसता निर्देश म्हणून चालतात. म्हणजे सर्तिफिकात नसलेल्या जमिनीवर भाडेपट्टा करायचाच नाही. मालक म्हणेल की अर्ज केलाय, लवकरच येईल. मग करारही लवकरच करू.

सर्तिफिकात हातात आलं की तपासणीचा क्रम असा :

1. मालकाकडून सर्तिफिकातची प्रत घ्या. क्रमांक 'सेंतुह तानाहकु' या सरकारी अॅपवर आणि भूमापन खात्याच्या नकाशावर टाका. आकार आणि जागा जुळते का पाहा.

2. पीपीएटी (जमीन-दस्त अधिकारी) मार्फत अधिकृत तपासणी करा. तारण, जप्ती, वाद असेल तर तिथेच दिसतं. पीपीएटी तुमचा निवडा, विकणाऱ्याचा किंवा दलालाचा नको.

3. नाव कोणाचं ते बघा. मृत आजोबांचं असेल तर आधी वारसनोंद, मग बोलणी. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. मलेशियात मजुरीला गेलेला भाऊ धरून. लोंबोकमधून परदेशी मजुरीला जाणारे खूप आहेत, त्यामुळे हा सुटलेला भाऊ नेहमीचाच. विवाहित मालक असेल तर जोडीदाराची संमतीही लेखी.

4. मोजणीच्या नकाशावर (सुरात उकुर) तुकड्याला रस्ता लागलेला आहे का ते पाहा. नारळीच्या बागेतून जाणारी पायवाट ही शेजाऱ्याच्या मर्जीची असते. नकाशावर 'जालान' लिहिलेलं नसेल तर शेजाऱ्याशी वाटेचा वेगळा नोटरी करार त्याच दिवशी करा.

5. वापराचा झोन. भातखाचर 'संरक्षित अन्नशेती' (एलपी2बी, 2009 चा कायदा 41) म्हणून रंगवलेलं असेल तर तिथे बांधकाम परवानगी मिळणार नाही, मालकाने कितीही सांगो. समुद्रालगत भरतीरेषेपासून 100 मीटर मोकळे. रिंजानी ज्वालामुखीच्या उतारावर वनहद्द तपासा. तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या कॉफी लावतात, पण जमीन वनखात्याची असू शकते.

दस्त_आणि_दिनांक

वरच्या प्रतिसादाला पुरवणी, भाडेकरारात काय असावं याची.

करार इंडोनेशियन भाषेतच हवा, सोबत इंग्रजी ठेवा. 2009 च्या भाषा कायद्यामुळे फक्त इंग्रजीत केलेले करार न्यायालयांनी रद्द ठरवलेले आहेत. रक्कम रुपियात लिहायची, डॉलरमध्ये नाही.

मालकाने मधेच जमीन विकली तर? दिवाणी संहितेचं कलम 1576 म्हणतं की विक्रीने भाडेपट्टा मोडत नाही. तरीही करारात ते पुन्हा लिहा, आणि 'दोघांपैकी कोणी वारलं तर करार वारसांवर बंधनकारक' हे वाक्य स्वतंत्र घाला. बांधण्याचा, पोटभाड्याने देण्याचा आणि उरलेली वर्षं दुसऱ्याला देण्याचा हक्क नावानिशी लिहिलेला हवा. लिहिलेलं नसेल तर मालक दरवेळी संमतीचे पैसे मागू शकतो.

मुदतवाढीचा दर आत्ताच ठरवा. 'त्या वेळच्या बाजारभावाने' असं वाक्य म्हणजे मुदतवाढ नाहीच, कारण बाजारभाव कोण ठरवणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोन स्वतंत्र मूल्यांककांची सरासरी किंवा सोन्याच्या भावाशी बांधलेलं सूत्र, काहीही चालेल, फक्त आकडा निघाला पाहिजे.

कर : जमीन-इमारतीच्या भाड्यावर 10 टक्के अंतिम कर आहे आणि कायद्याने तो मालकाचा. गावात मालक रक्कम 'बर्सिह' सांगतो, म्हणजे हातात निव्वळ. समजा 30 कोटी रुपिया बर्सिह ठरले. तर करारात 30 भागिले 0.9, म्हणजे 33.33 कोटी लिहून 3.33 कोटी कर भरायचा. करारात 30 लिहिले आणि कर कोणी भरायचा ते लिहिलं नाही, तर पुढे उरलेली वर्षं हस्तांतरित करताना नोटरी कराचं चलन मागतो तेव्हा अडतं. आणि तोपर्यंत मालकाने पैशातून दुसरं घर बांधलेलं असतं.

पैसे टप्प्याने : इसार म्हणून थोडे, तपासणी पूर्ण झाल्यावर नोटरीपुढे मोठा भाग, जागा मोकळी करून ताबा मिळाल्यावर उरलेले. गावाला ताबा म्हणजे नारळ कोण उतरवणार हेसुद्धा. उभी झाडं कोणाची, त्यांचं उत्पन्न कोणाचं, हे न लिहिल्याने होणारी भांडणं सगळ्यात चिवट असतात.

खाडीपलीकडे

भारतातून पैसे पाठवणाऱ्याने काय पाहावं?

दस्त_आणि_दिनांक

भारतात राहणाऱ्याला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यातून परदेशी स्थावर घेता येतं. 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांत पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा या चौकटीबाहेर आहे, त्याहून लांबचा आत येतो. म्हणजे 25 वर्षांचा पट्टा बँकेला स्थावर म्हणूनच सांगा, 'प्रवासखर्च' म्हणून नको. वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केलेला आयकर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, तेवढी तरतूद ठेवा. विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात (शेड्यूल एफए) ही मालमत्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे दाखवावी लागते. न दाखवल्यास काळा पैसा कायद्यात 10 लाखांचा दंड आहे, आणि अलीकडे दिलेली 20 लाखांपर्यंतची सूट स्थावराला लागू नाही.

मीटरखाली

पाणी आणि वीज. लोक जागा बघायला मे-जूनमध्ये येतात तेव्हा सगळं हिरवं असतं. जागा ऑक्टोबरमध्ये बघावी. पावसाळा साधारण नोव्हेंबरला लागतो, त्याआधीच्या महिन्यात विहिरी-झऱ्यांचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. बेटाचा दक्षिण भाग पावसावरच आहे. तिथे 1980 च्या दशकापासून गोगो रांचाह पद्धतीने भात करतात, म्हणजे कोरड्यात पेरायचं आणि पाऊस वाढला की खाचरात पाणी धरायचं. उत्तरेला रिंजानीचे झरे आहेत, पण वाडीला पाणी नळयोजनेने येतं आणि वाटप वाडी ठरवते. त्या पाण्यात तुमचा वाटा आहे का, हे जमिनीच्या कागदावर नसतं. कादुस आणि पाणी समितीकडून लेखी घ्या.

विहीर असेल तर ऑक्टोबरमधली पातळी मोजा. जमिनीवर बसवलेला साधा पंप व्यवहारात 7-8 मीटरपर्यंतच खेचतो. पाणी त्याखाली गेलं की पंप फिरतो, पाणी येत नाही, आणि सील जळतं. खोल असेल तर जेट पंप किंवा पाण्यात बुडणारा पंप. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की विहीर मचूळ होते. म्हणून जवळच्या तीन विहिरींचं पाणी चाखून बघा आणि क्षारमापकाने तपासा.

साठवणीचं गणित : चार माणसं, माणशी रोज 100 लिटर, आठवडाभर पाणी आलं नाही तरी चालावं, तर 2,800 लिटर. म्हणजे 1,000 लिटरच्या तीन टाक्या (तिथे 'तोरेन'). 60 चौ.मी. छपरावर 1 मिमी पाऊस पडला की गळती धरून 45-50 लिटर मिळतं. दोन-तीन चांगल्या सरींत टाक्या भरतात, पण कोरड्या महिन्यांत छपराचा उपयोग नाही, तेव्हा टँकरच. म्हणून टँकर दारापर्यंत येईल एवढा रस्ता हवा. टाकी 3 मीटर उंच ठेवली तरी दाब 0.3 बारच मिळतो. गॅसच्या गिझरला तो पुरत नाही, छोटा दाबपंप लागतो.

वीज पीएलएन या सरकारी कंपनीची. मीटर प्रीपेड, 20 अंकी टोकन दाबायचं. जोडणी 450, 900, 1,300, 2,200 व्हीए अशी असते, आणि त्यावरचा एमसीबी 2, 4, 6, 10 अँपिअरचा. जुन्या घराला 450 किंवा 900 असतो. पंपाची मोटर सुरू होताना काही पट प्रवाह खेचते, त्यात राइस कुकर चालू असेल तर एमसीबी पडलाच. राहायचं असेल तर 2,200 घ्या. दर 1,300 आणि 2,200 ला सारखाच, युनिटला 1,444.70 रुपिया. ओळीच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी सात वाजता व्होल्टेज मोजा. खाली बसत असेल तर फ्रिजला स्टॅबिलायझर लावा. सॉकेट दोन गोल पिनांचे, भारतातली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही.

चौकट_आणि_वीट

आता बांधकाम, आणि इथे मला थोडं जास्त लिहायचं आहे.

2018 मध्ये 29 जुलैला 6.4, 5 ऑगस्टला 6.9 आणि 19 ऑगस्टला पुन्हा 6.9 तीव्रतेचे भूकंप लोंबोकला झाले. पाचशेहून जास्त माणसं गेली, उत्तर लोंबोक सर्वात वाईट. मेली ती मुख्यतः विटांच्या घरांत. वीट वाईट म्हणून नाही, विटेला चौकट नव्हती म्हणून. जुनी बांबू-लाकडाची घरं डोलली आणि बहुतेक उभी राहिली.

सरकारच्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने साध्या एकमजली घरासाठी किमान अटी दिल्या आहेत. त्या पाळल्या तर खर्च फार वाढत नाही :

पायथ्याची तुळई (स्लोफ) 15 × 20 सेंमी, खांब 15 × 15, वरची पट्टी (रिंग बालोक) 12 × 15. मुख्य सळया चार, 10 मिमी. रिंगा 8 मिमीच्या, दर 15 सेंमीवर. रिंगेचं टोक 135 अंशात आत वळवून 5 सेंमीचा आकडा. गवंडी 90 अंशात वळवून सोडतो, कारण ते पटकन होतं. हादऱ्यात काँक्रीटची साल उडते, 90 अंशाची रिंग उघडते आणि खांब फुगतो. फोटो काढून ठेवायचा एकच भाग निवडायचा असेल तर हा निवडा, काँक्रीट ओतायच्या आधी.

सळया जोडताना एकमेकींवर 40 व्यास, म्हणजे 10 मिमीला 40 सेंमी. कोपऱ्यात सळई सरळ संपवायची नाही, वळवून शेजारच्या तुळईत न्यायची. दोन खांबांमधली भिंत 9 चौ.मी.पेक्षा मोठी नको, म्हणजे 3 × 3. भिंतीतून खांबात अँकर, दर सहा थरांनी एक 10 मिमीची सळई. दारा-खिडकीभोवती चौकट. उतरत्या छपराची त्रिकोणी भिंत (गावेल) हलकी करा, पत्र्याची किंवा लाकडाची. विटांची असली तर तीच आधी घरात कोसळते.

काँक्रीट 1 सिमेंट : 2 वाळू : 3 खडी, मसाला 1 : 4. प्रमाण बादलीने मोजा, गोणीने नाही. तिथे सिमेंटची गोणी 40 आणि 50 किलो अशा दोन्ही मिळतात. 50 च्या सवयीने 40 ची ओतली की मिश्रण पाचव्या हिश्शाने पातळ झालं. समुद्राची वाळू कधीच नाही.

सळई. तिथे दुकानदार विचारतो, 'फुल की बांची?' बांची म्हणजे नावाला 10, मापात कमी. ती उघड विकली जाते. तपासायला दुकानातलाच काटा पुरतो : 10 मिमीची 12 मीटरची सळई 7.4 किलो भरली पाहिजे, 8 मिमीची 4.7. 10 च्या नावाने सहा किलोची सळई आली तर परत पाठवा. दरपत्रकात 'फुल, एसएनआय छाप' (एसएनआय म्हणजे इंडोनेशियाचं राष्ट्रीय मानक) हे शब्द लिहून घ्या, नाहीतर ठेक्यात बांचीच येणार.

कामगार दोन पद्धतीने मिळतात. रोजंदारी (हारियान) आणि ठेका (बोरोंगान). माझं मत : चौकट रोजंदारीवर, फरशी-रंग ठेक्यावर. ठेक्यात जिथे दिसत नाही तिथे घाई होते, आणि चौकट पुढे कधीच दिसत नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला काम थांबतं, रमजानात अर्धा दिवस धरा, आणि भातकापणीला निम्मे गवंडी शेतात असतात. वेळापत्रक त्यावर बेतावं.

बांधकाम परवाना आता पीबीजी (जुना आयएमबी 2021 मध्ये गेला). घर पूर्ण झाल्यावर वापरायोग्यतेचं प्रमाणपत्र एसएलएफ. भाड्याने द्यायचं असेल तर दोन्ही लागतात. आणि छपराला अॅसबेस्टॉस नको. तिथे तो अजून सहज आणि स्वस्त मिळतो.

खाडीपलीकडे

135 अंशाचा आकडा आणि वजनाची तपासणी प्रिंट करून ठेवतो. आता गुंतवणुकीचा भाग. भातशेती गहाण घेऊन उत्पन्न घ्या, किंवा बैल वाट्याने द्या, असं सुचवतात.

सातबारा_वाचक

भातशेती गहाण (गादाइ) घेऊ नका. 1960 च्या कायद्याचं (क्रमांक 56) कलम 7 म्हणतं की शेतजमिनीचं गहाण सात वर्षं चाललं की धन्याला जमीन परत द्यायची, पैसे न घेता. हा कायदा कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्यासाठी केला आणि योग्य केला. गावात मात्र गहाण पिढीभर चालतं आणि वारस कधी न्यायालयात जाईल सांगता येत नाही. परदेशी माणसाचं तर पहिल्याच पावलाला चुकतं.

सुबाभूळ

जनावरांचं मी लिहितो. वाट्याची पद्धत म्हणजे गादुहान : जनावर एकाचं, पाळणार दुसरा, वाढीचा नफा वाटून. नरांना पोसून विकलं तर नफा बहुधा अर्धा-अर्धा, गाय असेल तर वासरं आळीपाळीने. जात मुख्यतः बाली गुरं. लोंबोकची खासियत म्हणजे कांदांग कुंपुल, वाडीचा सामायिक गोठा. चोरीच्या भीतीने सगळ्यांची जनावरं एकत्र बांधतात आणि रात्री पाळीने जागतात. ज्याचं जनावर, त्याने पाळी द्यायची. पाळणारा पाळी चुकवत असेल तर वाडी त्याला बाहेर काढते आणि तुमचं जनावर उघड्यावर येतं. म्हणून माणूस निवडताना गोठ्याच्या प्रमुखाला विचारा, दलालाला नाही.

खाद्याचा साधा नियम, वजनाच्या दहा टक्के ओला चारा. 250 किलोच्या बैलाला रोज 25 किलो. मध्य-दक्षिण लोंबोकमध्ये खाचराच्या बांधावर ओळीने 'तुरी' दिसते. ती तूर नव्हे, आपला हादगा. आणि 'लामतोरो' म्हणजे सुबाभूळ, पोसायला उत्तम. बांधावर ही झाडं नसतील तर कोरड्या महिन्यांत पाळणारा भाताच्या पेंढ्यावर भागवतो आणि जनावर वाढत नाही. जनावर देण्याआधी त्याचे बांध पाहा.

भाव बकरी ईदच्या आधी चढतो. बैल घ्यायचा तो ईदच्या आठ-दहा महिने आधी. 2022 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, गुरांची ने-आण थांबली आणि ऐन हंगामात विक्री अडली. तेव्हापासून लसीकरण आणि कानाला क्यूआर बिल्ला आला. बिल्ल्याचा क्रमांक, छातीचा घेर आणि तारीख करारावर लिहा. जनावर मेलं तर नुकसान कोणाचं, हे आधी ठरवा. चालीप्रमाणे पाळणाऱ्याच्या चुकीने नसेल तर मालकाचं.

कायद्याच्या दृष्टीने हे तुमच्या नावावर व्यवसाय म्हणून चालवता येत नाही. स्थानिक माणसाला हातउसने दिलेले पैसे, असंच याचं स्वरूप. तेव्हा बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच घाला. दोन बैल, दहा नव्हे.

पाणंद

व्हिसाचं थोडक्यात, कारण प्रश्न येणारच. भारतीयांना आगमनाचा व्हिसा 5 लाख रुपियात 30 दिवस मिळतो, एकदा वाढतो. त्यावर राहता येतं, काम करता येत नाही. स्वतःच्या घराचं बांधकाम बघणं वेगळं, थापी हातात घेणं वेगळं. पाहुणे ठेवून पैसे घेणं तर नाहीच. लांब राहायचं तर सेकंड होम व्हिसा, त्याला सरकारी बँकेत 1,30,000 डॉलरची ठेव. वाडीत आल्यावर चोवीस तासांत कादुस किंवा आरटीला (शेजारगटाच्या प्रमुखाला) कळवायचं. बहुतेक वाड्यांच्या तोंडाशी तशी पाटीच असते.

आणि शेजारधर्म. कोणी गेलं तर तांदूळ घेऊन जायचं, त्याला सासाकमध्ये बेलांगार म्हणतात. लग्नाच्या बगावेला, म्हणजे गावजेवणाला, बोलावलं तर जायचं. गोतोंग रोयोंगच्या, म्हणजे श्रमदानाच्या, दिवशी, गटार किंवा रस्ता साफ करायला, माणूस पाठवण्यापेक्षा स्वतः जायचं. शाकाहारी असाल तर जेवणाआधी 'तान्पा तरासी' सांगा. सांबलात सुक्या कोळंबीचा गोळा असतो, भाजी दिसायला निव्वळ कांकुंगची (पाण्यातली पालेभाजी) असली तरी.

खाडीपलीकडे

शेवटचं. 25 वर्षांनी इमारतीचं काय?

चौकट_आणि_वीट

करारात काही लिहिलं नसेल तर व्यवहारात ती मालकाकडेच राहते. 'भाडेकरूला उकलून नेता येईल' हे कलम घालता येतं, पण मग घर उकलण्याजोगं बांधायला हवं. स्नानगृह आणि स्वयंपाकघर विटेचं, वर लिहिलेल्या चौकटीत. राहायच्या खोल्या लुंबुंगच्या (खांबांवरचं पारंपरिक भाताचं कोठार) धर्तीवर लाकडाच्या, दगडी बैठकीवर खांब, सांधे खिळ्यांऐवजी नट-बोल्टचे. नारळाचं लाकूड वापरायचं तर जुन्या झाडाचा खालचा, बाहेरचा, गडद भाग घ्या. वरचा आणि आतला मऊ भाग वाळवीला जातो. लाकूड-बांबूला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून घ्या, नुसता ब्रश फिरवून ते आत जात नाही. पावसाच्या पाण्याने हे मीठ धुतलं जातं, म्हणून वळचण निदान एक मीटर बाहेर काढा आणि खांबाचा पाय जमिनीपासून 30 सेंमी वर ठेवा. प्रत्येक सांध्याला क्रमांक कोरा, आराखड्याची एक प्रत करारालाच जोडा. मग 24 व्या वर्षी बोलणी फिसकटली तरी चार सुतार लावून खोल्या उतरवता येतात.